बलुची गालिचा, १३८ × ८४ : दुरुस्तीच्या नोंदी

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

मस्कतमधल्या मत्राहच्या सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, संध्याकाळी गालिचा घरी आणला. दुकानदाराने १४० रियालवरून सुरुवात केली आणि ८५ वर थांबला. रुपयांत साडेअठरा हजारांच्या आसपास. हा आकडा सोलापूरला घरी सांगायचा नाही, असं आमचं गाडीतच ठरलं.

त्याच भिंतीवर शेजारी दुसरा एक गालिचा लटकत होता. त्याच्यावर हेलिकॉप्टरं, रणगाडे आणि कडेला ओळीने बंदुका. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यानंतर पश्चिम अफगाणिस्तानातल्या विणकरांच्या नक्षीत फुलांच्या जागी ही सामग्री यायला लागली, आणि त्यांत बलुच विणकरही पुष्कळ होते. लेक त्याच्यासमोरून हलेना. मला मात्र जमिनीवर पसरलेल्या धुळकट, काळपट गालिच्याने धरून ठेवलं होतं. एक कोपरा उचलून पाठ पाहिली आणि तिथेच माझी घासाघीस संपली. हे दुकानदाराला कळलं, म्हणून ८५. नाहीतर ६० ला मिळाला असता.

दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे: वय शंभर वर्षं, लोकर उंटाची, रंग झाडपाल्याचे. तिन्ही गोष्टी तपासायच्या आहेत.

२८ सप्टेंबर, शनिवार

मोजमाप. लांबी १३८ सेंमी, रुंदी ८४. त्यातली १२४ सेंमी लव (गाठींची वर आलेली मऊ टोकं) असलेली, उरलेल्या दोन्ही टोकांच्या सपाट विणीच्या पट्ट्या. वरची पट्टी बरी आहे. खालची कुरतडल्यासारखी झालीय आणि दशा जवळजवळ गेल्यात.

नमाजाचा गालिचा आहे. मध्ये उंटाच्या रंगाची जमीन, तिच्यावर सरळ उभं झाड, वर चौकोनी मिहराब, म्हणजे मशिदीतल्या कोनाड्याचा आकार. शहरी इराणी गालिच्यात मिहराबाची कमान गोलाईदार असते. इथे सगळं काटकोनात, शाळेतल्या चौकटीच्या वहीत काढल्यासारखं.

बाबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारे) होते, त्यामुळे कापड आधी पालथं करून बघायचं हे अंगातच आहे. पाठीवरून दिसलं ते असं: ताणा (उभे धागे) पांढरट लोकरीचा, दोन पदरी. बाणा (आडवे धागे) गडद तपकिरी लोकरीचा, गाठींच्या दर ओळीनंतर दोन धागे. सूत कुठेच नाही. काठ काळ्या राठ केसांचा. ताण्याच्या चार जुड्यांवरून आत-बाहेर गुंडाळून केलेली चपटी, चटईसारखी किनार आहे, आणि ती उजव्या बाजूला पार उसवलीय.

गाठी मोजल्या. भिंग आणि फूटपट्टी घेऊन तीन ठिकाणी मोजल्यावर सरासरी आली ती १० सेंमीत आडव्या ३२ आणि उभ्या ३६. चौरस सेंटिमीटरला साडेअकरा. म्हणजे अख्ख्या गालिच्यात सव्वा लाखाला थोड्या कमी. तलम म्हणून मिरवण्यासारखा आकडा नाही हा. पण प्रत्येक गाठ म्हणजे बोटांनी अडकवलेला, ओढलेला आणि कापलेला धाग्याचा एक तुकडा, हे मोजता मोजता लक्षात आलं आणि मान धरली.

गाठ कुठल्या जातीची हे बघायला लव दोन बोटांनी फाकवून बुडाशी पाहावं लागतं. तुर्की गाठीत धागा दोन्ही ताण्यांना कवेत घेऊन मधून वर येतो. इथे तो एकाच ताण्याला पूर्ण वळसा घालतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जाऊन वर येतो. ही फारसी गाठ. डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळते: लव खालच्या टोकाकडे झुकते, शिवाय किंचित एका कुशीवरही कलते. लव ज्या टोकाकडे झुकते तिथून विणायला सुरुवात झालेली असते. तेव्हा हे झाड मुळापासून वर वाढत गेलेलं आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कसर! उजव्या काठाच्या आत तळहाताएवढ्या भागातली लव गायब आहे हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं. जुनं नुकसान समजून सोडून दिलं. आज पाठीमागच्या घडीत बारीक रेशमी नळ्या सापडल्या आणि एकीत पांढुरकी अळी वळवळत होती. नळ्यांभोवती विष्ठेचे दाणे, खसखशीपेक्षा बारीक, आणि चक्क रंगीत. लाल भाग खाल्ला तिथे लाल, निळा खाल्ला तिथे निळे. घरात माझ्या आजोबांची घोंगडी आहे, लेकीचे लोकरी कपडे आहेत. आठवडाभर आम्ही हे बिऱ्हाड दिवाणखान्यात नांदवत होतो.

डांबरगोळ्यांनी अंडी मरतील याचा भरवसा नाही आणि वास वर्षभर जात नाही. थंडीने मारायचं ठरवलं. गालिचा घडी न घालता लव बाहेर ठेवून गुंडाळला, जाड प्लॅस्टिकमध्ये घातला, हवा दाबून काढली, चिकटपट्टीने तोंड बंद केलं. आता डीप फ्रीझर कुणाकडे? रूवीत डबे करणाऱ्या कोल्हापूरच्या वहिनी आठवल्या.

"माझ्या मटारांच्या शेजारी तू किडे ठेवणार?"

"वहिनी, प्लॅस्टिकचे दोन थर आहेत."

"तीन कर. आणि दोन आठवडे म्हणजे दोनच आठवडे. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत."

उणे १८ अंश. तिसरा थर घातला. घोंगडी उन्हात टाकून झटकली. सुदैवाने ती स्वच्छ आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गालिचा कालच परत आणला, पण पिशवी आज उघडली. थंडगार वस्तू लगेच उघडली की इथल्या दमट हवेचं पाणी तिच्यावरच जमतं. रात्रभर पिशवीतच ठेवल्यावर पाणी प्लॅस्टिकवर बाहेरून जमलं आणि वाळून गेलं.

मग गच्चीवर जाळीची बाज मांडली, गालिचा पालथा टाकला आणि पाठीवर हाताने थापट्या मारत बसले. चेहरा झोडपायचा नाही. पाठ थापटली की आत बसलेली रेती आपोआप खाली गळते. बाजेखाली चादर घातली होती. त्यावर जमलेलं सगळं गाळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: ३१२ ग्रॅम. मेणकापडापेक्षा जरा जाड अशा एवढ्याशा गालिच्यात पाव किलोहून जास्त वाळू होती. हीच वाळू दर पावलाला गाठींच्या बुडाशी करवतीसारखी चालते, म्हणून धुण्याआधी ती काढायची. ओली झाली की चिखल होऊन मुरते.

चिमट्याने मेलेल्या अळ्या आणि नळ्या वेचल्या. एका निळ्या गाठीत चिमटा अडकला. भिंगातून पाहिलं तर गोखरूसारखा बारीक काटा, धाग्याच्या पिळातच वळलेला. मेंढीच्या अंगाला लागला, कातरणीत आला, पिंजताना निसटला, लोकर कातताना पिळात गेला आणि त्याच्यासकट निळीत बुडून गाठ बसली. तो काढला नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या बीबींना गालिचा दाखवायला घेऊन गेले. बीबी ओमानी बलुच. त्यांचे वडील ग्वादरहून आलेले. ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडेच होतं, त्यामुळे त्या काळी हा प्रवास म्हणजे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. बीबी माझ्याशी हिंदी बोलतात, थेट सिनेमातली. माझी अपेक्षा होती की त्या गालिचा बघून हळव्या होतील आणि मला नक्षीचा अर्थ वगैरे सांगतील.

बीबींनी चष्मा लावला, कोपरा उलटला, काठ चाचपला आणि म्हणाल्या, "बेटी, ये हमारा नहीं है."

मग आतून स्वतःच्या लग्नातला पश्क आणला. पश्क म्हणजे बलुच बायकांचा पायघोळ झगा. छातीवर, बाह्यांवर आणि पुढच्या लांब खिशावर रेशमाचं इतकं दाट भरतकाम की खालचं कापड शोधावं लागतं. "दोच. ये हमारा है." त्यांच्या मकरानात, म्हणजे ग्वादरकडच्या किनारपट्टीवर, बायकांचा हात सुईवर. गाठीचे गालिचे विणताना त्यांनी आपल्या आईला, आजीला कधी पाहिलं नाही.

आणि ते बरोबरच आहे. बाजारात ज्यांना 'बलुची गालिचे' म्हणतात ते मुख्यतः इराणच्या ईशान्येकडच्या खोरासानातले आणि सीमेपलीकडच्या हेरात-फराह-सीस्तान पट्ट्यातले. बलुचिस्तान त्याच्या कितीतरी खाली. अठराव्या शतकात नादिरशहाने (आपल्याला तो १७३९ च्या दिल्लीच्या लुटीमुळे माहीत) बलुच टोळ्या खोरासानात नेऊन बसवल्या असं मानतात. तिथे त्यांच्या शेजारी तैमुरी, कुर्द, अरब असे इतरही विणणारे लोक. सगळ्यांचा माल मशहदच्या बाजारात येणार, लाल-निळा-काळपट, आकाराने लहान. व्यापाऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव लावलं. म्हणजे माझा 'बलुची' गालिचा बलुच बाईने विणला की तैमुरी बाईने, हे नावावरून ठरत नाही. तुर्बत-ए-हैदरियाच्या आसपासचा की हेरातकडचा, यावर जाणकारही काठाची वीण, गाठीचा कल आणि टोकांची पट्टी बघून बोलतात. नक्षी शेवटी बघतात. नक्षी कुणीही उचलतं. हाताला लागलेली काठ गुंडाळायची सवय मात्र सहज सुटत नाही.

आकार लहान का, तेही मागाकडे पाहिलं की कळतं. भटक्यांचा माग जमिनीवर आडवा: चार खुंट्या, दोन दांडे. मुक्काम हलला की अर्धवट कापडासकट गुंडाळायचा आणि उंटावर टाकायचा. याच मागावर उशीची बालिश्त, खोगिराची खुर्जीन, मिठाची पिशवी, जेवायला बसायचा सुफ्रा. विकायला काढलेल्या वस्तू थोड्या. बाकीचं घरचं सामान.

बीबींना गालिचा आवडला नाही, हेही लिहून ठेवते. "काला काला है," म्हणाल्या.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणी व्हिडिओ कॉलवर. दादाला मागे गालिचा दिसला. नाव सांगितल्याबरोबर, "बलुच म्हणजे पानिपत! आपले लोक तिकडे आहेत."

खरं आहे. बलुचिस्तानातल्या कलातचा नासिरखान १७६१ मध्ये अब्दालीच्या बाजूने होता. युद्धकैदी मराठे बलुचिस्तानात नेले गेले, ही कहाणी डेरा बुगटीच्या बाजूच्या बुगटी मराठ्यांत आजही सांगितली जाते. पण ते ठिकाण खोरासानपासून हजारावर किलोमीटर लांब. दादाला तीन वेळा सांगितलं की या गालिच्याचा आणि पानिपताचा काही संबंध नाही. कॉल संपेपर्यंत त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर 'ताईकडे पानिपतचा गालिचा' असं टाकलेलं होतं. किंमतही विचारली. कापला गेला कॉल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रंगांची परीक्षा. पांढरा सुती कपडा थंड साबणपाण्यात भिजवून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरायचा. लाल, गडद लाल, निळा, काळपट निळा, तपकिरी, पांढरा, उंटाचा, नारिंगी. आठही ठिकाणी कपडा मळला, रंग उतरला नाही.

लव फाकवून बुडाचा रंग आणि टोकाचा रंग ताडून पाहिला. लाल आणि निळा वरखाली सारखे. नारिंगी मात्र बुडाशी झेंडूसारखा आणि टोकाला फिकट, कोमट चहासारखा. हा रंग कारखान्यातला, याबद्दल मला शंका नाही. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढल्यानंतर काही दशकांतच ते रंग इराणात पोचले होते, आणि सुरुवातीचे बरेच उन्हात टिकत नव्हते.

लालबद्दल छातीठोक काही म्हणता येत नाही. पारंपरिक लाल रुनासच्या मुळांचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या इराणी बहिणीचा. पण तिच्यातलं अलिझरिन, म्हणजे लाल रंगद्रव्य, १८६८ पासून प्रयोगशाळेतही बनायला लागलं. निळीचं तेच: १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात, आणि रेणू तोच. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणारा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला बोलावीन. दुकानदाराच्या 'झाडपाल्याचे रंग'वर माझा शेरा: काही असतील, एक तर नक्की नाही.

'उंटाची लोकर' हाही तसाच मामला. उंटाच्या रंगाच्या जमिनीला सगळे उंटाची लोकर म्हणतात आणि ती पुष्कळदा मेंढीचीच निघते, मुळातली तपकिरी किंवा तशी रंगवलेली. एक केस जाळला. जळलेल्या केसांचा वास आला, राख बोटांत चुरली. प्लॅस्टिकचा धागा नाही एवढंच त्यावरून ठरलं. उंट की मेंढी, हे सूक्ष्मदर्शकाचं काम.

सगळ्यात छान गोष्ट काळ्या-तपकिरी रंगाची. तो करताना लोखंडाचा क्षार वापरतात आणि तो लोकर हळूहळू खातो. त्यामुळे नक्षीच्या काळ्या रेघा खोल गेल्यात आणि मधली लाल-पांढरी फुलं वर उचलून आलीत. डोळे मिटून हात फिरवला तरी झाडाची पानं मोजता येतात. विणली तेव्हा ही नक्षी सपाट होती. हे कोरीवकाम नंतर गंजाने केलेलं आहे.

वय? ताणा पूर्ण लोकरीचा, एक कृत्रिम रंग, काळा इतका झिजलेला. मी १९०० ते १९४० म्हणेन. 'शंभर वर्षं' हा बाजारातला लाडका आकडा आहे, कारण शंभरी भरली की वस्तू अँटिक होते, आणि तोवर ती नुसतीच व्हिंटेज.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चूक झाली. सविस्तर लिहिते म्हणजे पुन्हा होणार नाही.

सकाळी सातला गच्चीवर ताडपत्रीचा हौद केला. थंड पाणी, लोकरीसाठीचा सौम्य द्रवसाबण अगदी थोडा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं, दुसरं दुधाच्या चहासारखं. तिसऱ्या पाण्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक गुलाबी धूर निघाला आणि बघता बघता शेजारच्या पांढऱ्या पट्टीत शिरला.

तिथे एक ठिगळ आहे, ९ × ६ सेंमी. कुणीतरी कधीतरी भोक पडल्यावर नव्याने गाठी मारून बुजवलेलं. मला ते माहीत होतं. पण त्याचा नारिंगी आणि किनारीतला नारिंगी मी एकच धरला आणि परीक्षा घेतली ती किनारीतल्या नारिंगीची. आठ रंग तपासले. नववा रंग आठव्याच्या वेषात बसलेला होता.

पुढचा दीड तास: हौद रिकामा, गालिचा कोपरा खाली येईल असा बाजेवर तिरका, नळाचं थंड पाणी सतत वरून खाली, म्हणजे सुटलेला रंग गालिच्यात न जाता बाहेर पडेल. मग पांढरे टॉवेल दाबून टिपणं. चोळलं नाही. शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर. नवरा चहा घेऊन वर आला, माझं तोंड बघून काही न बोलता टॉवेल पिळायला बसला.

नुकसान: पांढऱ्या पट्टीतली तीन फुलं गुलाबी. बाकी वाचलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

वाळला. सावलीत, बाजेवर सपाट, पूर्ण दीड दिवस. बुडाशी हात घालून खात्री केली.

लाल किती उघडला! दुकानात वाइनसारखा वाटलेला रंग आता पिकल्या डाळिंबाच्या दाण्यांकडे गेलाय. (सांगोल्याकडच्या माणसाला यापेक्षा वेगळी उपमा सुचणार नाही.) आणि तीन गुलाबी फुलं आता ठळक दिसतात, कारण बाकीचं पांढरं पांढरं झालं. त्या ठिगळावर माझा इतका राग आहे की कात्री घेऊन बसले होते. आधी काठाचं काम करू, मग बघू.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

जबल शम्सच्या डोंगरावर जाऊन आलो. तिन्हीसांजेला परतायचं म्हणून पहाटे निघालो. दरीच्या कडेला तिथले धनगर लोक शेळीच्या केसांचे पट्ट्यापट्ट्यांचे गालिचे मांडून बसतात. एक आजोबा दगडावर बसून टकळीवर केस कातत होते. मला गालिचा नको, नुसता धागा हवा, हे माझ्या अरबीत समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. समजल्यावर ते आणखीच गोंधळले. शेवटी मोबाइलवर काठाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, मान डोलावली, आणि काळा-तपकिरी असा दोन मुठी धागा ५ रियालला दिला.

काठाला शेळीचे केसच का? लोकरीपेक्षा राठ, घासाला टिकाऊ आणि कसर तिथे सहसा तोंड घालत नाही. माझ्या गालिच्यात बघा: कसरीने आतली लव खाल्ली, काठ सोडला. काठ गेला तो माणसांच्या ओढाताणीने.

डिसेंबर (६ ते २८, सुट्टीच्या दिवशी जमेल तसं)

उजवा काठ ६१ सेंमी, डावा २२. एकूण ८३. पहिल्या दिवशी तीन तासांत ७ सेंमी, त्यातले ४ उसवले. हळूहळू तासाला ४ सेंमीचा वेग आला.

पद्धत: बोथट वाकडी सुई. कडेच्या चार जुड्या. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून, चौथीला वळसा आणि परत. पण दर काही फेऱ्यांनी धागा आत, गालिच्याच्या बाण्यात अडकवून आणायचा, नाहीतर काठ वेगळा आणि गालिचा वेगळा होतो. ताण सगळ्यात अवघड. जास्त ओढलं की कड आत खेचली जाऊन गालिचा वाटीसारखा उचलतो, कमी ओढलं की फुगते. बाबा मागावरच्या पोरांना म्हणायचे, "धाग्याला गळा नसतो, दाबू नको." तेव्हा विनोद वाटायचा.

नवा धागा जुन्यापेक्षा उजळ दिसतो. रंगवून जुळवणार नाही. दुरुस्ती दुरुस्तीसारखी दिसली तर कुणाचं बिघडत नाही.

खालच्या टोकाला सुती दोऱ्याने काजाचे टाके घातले, दर टाका बाण्याच्या तीन-चार धाग्यांखालून. पुढे आणखी उसवणार नाही एवढंच. दशा नव्या लावणार नाही. कसरीने खाल्लेल्या तळहाताएवढ्या भागातही नव्या गाठी मारणार नाही. ताणा-बाणा शाबूत आहे, झीज तशीच राहू दे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

आता ठिगळ. काढायचंच म्हणून पाठीवरून नीट पाहायला बसले.

ताणा तिथे सुती आहे. म्हणजे भोक पूर्ण आरपार होतं, आणि ज्याच्या हातात आलं त्याच्याकडे लोकरीचा ताणा नव्हता. गाठी तुर्की, म्हणजे विणणाऱ्या बाईच्या घराण्याच्या नव्हेत. रफूगार वेगळ्या शिकवणीतला. पण नक्षी? किनारीतला हुकासारखा आकडा त्याने बरोबर जागी सुरू करून बरोबर जागी वळवलाय. गाठी ओळीला ओळ जुळतात. ९ सेंमीत एकही ओळ चुकलेली नाही. मला काठात चार सेंमी उसवावे लागले होते.

मग रंगच तेवढा असा भडक कसा घेतला? दुपारच्या उजेडात पाठ खिडकीशी धरली तेव्हा कळलं. पाठीवर ठिगळाचा नारिंगी आणि मूळ किनारीचा नारिंगी अगदी एक आहेत. शोधावं लागतं एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो. त्याने रंग जुळवला तो पाठीवरून, जिथे ऊन लागलेलं नव्हतं. किंवा त्याच्या काळात समोरूनही तसाच असेल. मूळ रंग नंतर उतरला, ठिगळाचा राहिला. माझ्या परीक्षेत ठिगळ आठव्या रंगात मिसळून गेलं, ते त्याच्या कौशल्याने.

कात्री परत डब्यात. शिवाय ठिगळ काढायचं तर सुती ताणा काढावा लागेल, तो दोन्ही बाजूंना मूळ ताण्यात तीन-तीन सेंमी ओवलेला आहे. तेवढं सगळं हलेल.

पांढऱ्या सुती पट्टीवर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने लिहून पाठीला त्या कोपऱ्यात शिवलं: 'नारिंगी ठिगळ. पाणी लावू नये. रंग जातो.' खाली तारीख.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जागा ठरवण्यावरून दोन आठवडे गेले. नवऱ्याचं मत दिवाणखान्यात सोफ्यासमोर. तिथे दुपारचं ऊन थेट येतं, नारिंगी आणखी उतरेल. भिंतीवर टांगायचा तर वजन कडेवर येतं आणि माझे टाके तेवढे खात्रीचे नाहीत. आणि नमाजाचा गालिचा पायाखाली घ्यावा का, ही शंका मला होती. बीबींना विचारलं. म्हणाल्या, "साफ पैर का क्या गुनाह? चप्पल मत लाना." मिहराबाचं तोंड पश्चिमेला करू का, म्हणून विचारलं (इथून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, जवळपास सरळ पश्चिमेला आहे), तर हसल्या. "नमाज तुम पढ़ोगी?"

आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटापुढे, उत्तर-दक्षिण. खाली न चिकटणारी जाळीदार रबरी चटई, गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी २ सेंमी आत कापलेली. दर तीन महिन्यांनी फिरवायचा, म्हणजे झीज एकाच ठिकाणी होत नाही. व्हॅक्यूम फक्त लवेच्या दिशेने, फिरता ब्रश बंद, काठावर अजिबात नाही. महिन्यातून एकदा उलटून पाठ बघायची. कसरीला अंधार आणि शांतता लागते. रोज वावर असलेल्या जागी ती टिकत नाही.

८ मार्च, शनिवार

आई आली. विमानतळावरून आल्यावर पाय धुतले आणि थेट गालिच्यावर मांडी घालून बसली. काठावरून अंगठा फिरवला.

"हे शेळीचं हाय की गं."

मी जबल शम्सपासून सगळी कथा सांगायला घेतली. ती अर्ध्यात थांबवून म्हणाली, "आमच्याकडं सणगराच्या घरी घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायचे. मग ती अशी ताठ उभी राहायची. याला काय लावलंय?"

काहीच नाही, म्हटलं. तिला ते अपुरं वाटलं. मग मोठ्या आवाजात पालथ्या कोपऱ्यावरची पट्टी वाचली, "पाणी लावू नये," आणि विचारलं, "मग धुणार कसं?" हा प्रश्न बरोबर आहे. आता परत धुता येणार नाही. धुवायचं झालं तर तो कोपरा कोरडा ठेवून बाकीचं टिपून घ्यावं लागेल. आईचं समाधान झालं नाही. किंमत विचारली. नवरा तेवढ्यात बाल्कनीत गेला.

संध्याकाळी बघते तर आई तिथेच मेथी निवडत बसलेली, बीबी समोर इफ्तारची वेळ होईपर्यंत गप्पा मारायला आलेल्या, एकीची मराठी आणि एकीची हिंदी. आईने पाण्याचा भरलेला तांब्या गालिच्यावर ठेवलेला, ठिगळापासून वीतभर.

तांब्या फरशीवर हलवला. मेथीच्या तीन काड्या लवेतून चिमट्याने काढल्या. पुढचं फिरवणं १६ मेला.